दिव्यावरचं पाखरू आणि गरीवरचं पीस

मृगाचे पहिले दोन-तीन पाऊस पडले की वैनगंगेकाठच्या गावांत, मालगुजारी तलावांच्या पाळीवर, पुलावरच्या दिव्यांखाली पाखरांचा खच पडतो. सकाळी खराट्यानं लोटावा लागतो. त्यातली बरीचशी उधईची असतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पण वाकून पाहिलं तर मध्येच एक निराळं पाखरू दिसतं. पंख पाठीवर उभे मिटलेले, मागे केसासारख्या दोन किंवा तीन लांब शेपट्या, आणि अंग इतकं नाजूक की चिमटीत धरलं तरी चेंगरतं. हे मेफ्लाय.

मोबाइलवर हल्ली मासे धरण्याच्या ज्या चित्रफिती फिरतात, त्यांत पहाडी नदीत उभ्या माणसाच्या गरीवर ना गांडूळ असतं ना कणीक. पिसाचा एवढासा तुरा असतो आणि मासा, बहुधा थंड पाण्यातला ट्राऊट, त्यावर तुटून पडतो. तो तुरा म्हणजे बहुतेक वेळा ह्याच मेफ्लायची नक्कल. त्याला नकली माशी म्हणू. हा नाद लागलेली पोरं दुकानाच्या ऑनलाइन यादीत शिरतात तेव्हा शेकडो नावं समोर येतात आणि डोकं गरगरतं. खरं तर नावं पाठ करायची गरज नाही. पाखराची अवस्था कोणती, ते किती मिलिमीटरचं, त्याची ठेवण कशी आणि रंग कोणता, हे चार प्रश्न ह्याच क्रमानं विचारायचे. बहुतेक जण उलट्या टोकानं, रंगापासून सुरुवात करतात आणि तिथंच फसतात.

## आधी उधई बाजूला काढा

उधईच्या पाखराचे चारही पंख सारख्या लांबीचे, पाठीवर आडवे पडलेले असतात आणि बोट लागताच गळतात. शेपटी नसते. मेफ्लायचे पुढचे दोन पंख मोठे, तिकोनी, जाळीदार. मागचे दोन अगदी छोटे, काही जातींत तर नसतातच. बसल्यावर पंख मिटलेल्या पुस्तकासारखे उभे राहतात. डोक्यावरच्या मिशा बारीक आणि आखूड, पटकन दिसत नाहीत. शेपट्या मात्र अंगाएवढ्या, कधी दुप्पटही.

दिव्याखाली आणखी काही पाहुणे असतात. डासासारखी दिसणारी पण न चावणारी चिलटं: ह्यांना दोनच पंख, शेपटी नाही, बसताना पुढचे पाय उचललेले. कॅडिसफ्लायचे पंख कौलारू छपरासारखे दोन्हीकडे उतरते, त्यांवर बारीक लव, मिशा लांब, शेपटी नाही. स्टोनफ्लायला दोन शेपट्या असतात, म्हणून गफलत होते, पण तिचे पंख पाठीवर सपाट, एकावर एक घडी घातल्यासारखे पडतात आणि मिशा लांब असतात. टाचणी, म्हणजे चतुराची सडपातळ बहीण, तर अंगानंच ओळखू येते, आगपेटीतल्या काडीसारखी लांब.

मेफ्लायच्या काही नरांच्या डोळ्यांचा वरचा भाग फेटा बांधल्यासारखा उंच वाढलेला असतो. थव्यात वरून उडणारी मादी आकाशाच्या उजेडात दिसावी म्हणून ही सोय. साध्या भिंगातूनही हा फेटा दिसतो आणि एकदा दिसला की विसरत नाही.

चावण्याची भीती नको. पंख फुटलेल्या मेफ्लायला खाता येईल असं तोंडच नसतं, आतड्यात हवा भरलेली असते. पिकालाही ती काही करत नाही. दिव्याखाली दिसली म्हणून फवारणी करायचं कारण नाही.

## कच्चं पाखरू, पक्कं पाखरू

कपाशीच्या बोंडअळीचं चक्र विदर्भात घरोघरी पाठ आहे: अंडी, अळी, कोष, पतंग. तुडतुड्याचं तसं नाही. त्याला कोष नसतो. पिल्लू कात टाकत टाकत मोठं होतं आणि शेवटी पंख फुटतात. मेफ्लाय ह्या बाबतीत तुडतुड्याच्या वळणावर गेलेली आहे. अंड्यातून पिल्लू निघतं, ते पाण्याखाली राहतं, शेवाळ आणि कुजका पाला खातं. थंड देशांत काही जातींचं पिल्लू दोन वर्षंही पाण्यात काढतं. आपल्यासारख्या उष्ण मुलखात वाढ भराभर होते आणि वर्षात एकाहून जास्त पिढ्या निघतात. म्हणून ‘मे’ ह्या नावावर जाऊ नका. इंग्लंडात मोठी पाखरं मेच्या अखेरीस निघतात म्हणून ते नाव पडलं. आपल्या मे महिन्यात नाल्याला पाणी तरी कुठं असतं?

पिल्लाची वेळ भरली की ते पृष्ठभागाकडे पोहतं, पाठीवरची कात फाटते आणि पंखवालं पाखरू बाहेर येतं. पण ते अजून पूर्ण वयात आलेलं नसतं. कुठंतरी झाडपाल्यावर बसतं आणि काही मिनिटांपासून एखाद-दुसऱ्या दिवसात पुन्हा एकदा कात टाकतं, पंखांसकट. उडते पंख आल्यावर पुन्हा कात टाकणारा आज जिवंत असलेला कीटक हा एकच. ह्या पहिल्या अवस्थेला आपण कच्चं पाखरू म्हणू, दुसरीला पक्कं.

दोन्हींतला फरक पंखांत आहे. कच्च्याचे पंख मळकट, दुधी किंवा राखी, ताकात बुडवून काढल्यासारखे, आणि कडेला बारीक लव. पक्क्याचे पंख काचेसारखे आरपार, अंग चकचकीत, शेपट्या जास्त लांब. खात्री करायची असेल तर कच्चं पाखरू भोकं पाडलेल्या डब्यात एका काडीसह ठेवा. आत ओला बोळा ठेवा, नाहीतर कात अंगावरच सुकते आणि ते मरतं. सकाळी डब्यात चमकदार पाखरू आणि शेजारी त्याची पंखांसकट पडलेली कात असते. शाळेत दाखवायला ह्याहून स्वस्त प्रयोग सापडणार नाही.

पुढं नरांचा थवा संध्याकाळी एका जागी वरखाली नाचतो, माद्या त्यात शिरतात, मीलन होतं, मादी पाण्यावर अंडी टाकते आणि दोघंही मरतात. मेलेली पाखरं दोन्ही पंख आडवे पसरून अधिकच्या चिन्हासारखी पाण्यावर पडून राहतात.

म्हणजे माशाच्या ताटात एकाच किड्याची चार रूपं येतात: तळाशी पिल्लू, पृष्ठभागाला अडकलेलं अर्धं बाहेर पडलेलं पाखरू, पाण्यावर होडीसारखं बसलेलं कच्चं पाखरू, आणि आडवं पडलेलं मेलेलं पक्कं. नकली माशांची शेकडो नावं ह्या चार खणांत बसतात. वर तरंगणारीला तरती माशी म्हणू, खाली जाणारीला बुडती.

## दगड उलथून पाहा

दिव्यावर सापडलेलं पाखरू कुठल्या पाण्यातून आलं ते सांगता येत नाही. नदीतलं पिल्लू मात्र खोटं बोलत नाही. लागणारं सामान एवढंच: पांढरी प्लास्टिकची ट्रे किंवा आइस्क्रीमचा जुना डबा, चहाची गाळणी, मच्छरदानीच्या कापडाचा हातभर तुकडा दोन काड्यांना बांधलेला, आणि मिलिमीटरची फूटपट्टी. वाहत्या पाण्यात घोट्याएवढ्या जागी जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला उभी धरा आणि तिच्या वरच्या अंगाचे फूटभर जागेतले दगड हातानं चोळा, मिनिटभर वाळू ढवळा. जाळीत आलेलं ट्रेमध्ये पाण्यात सोडा. आधी काहीच दिसत नाही. दोन मिनिटं हात न लावता थांबा, मग कचरा चालायला लागतो. दगड होते तसे परत ठेवा, कारण त्यांच्या खालच्या बाजूला काही जातींची अंडी असतात.

पिल्लू मेफ्लायचंच का? पोटाच्या दोन्ही कडांना पानासारखे किंवा पिसासारखे कल्ले हलताना दिसतात, प्रत्येक पायाला एकच नखी, मागे तीन शेपट्या, क्वचित दोन. स्टोनफ्लायच्या पिल्लाला पायाला दोन नख्या आणि पोटावर कल्ले नसतात. टाचणीच्या पिल्लाला मागे तीन चपटी पानं असतात, ते शेपट्या समजून पुष्कळ जण फसतात. कॅडिसची अळी पुष्कळदा वाळू किंवा काड्यांची नळी पाठीवर घेऊन फिरते.

मग त्याची राहणी पाहा. चपटं, डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला, दगडाला ओल्या कागदासारखं चिकटलेलं असेल तर ते जोराच्या प्रवाहातलं. शास्त्रज्ञ ह्या कुळाला हेप्टाजेनिइडी म्हणतात. ट्रेमध्ये बारक्या मासोळीसारखं झपकन निसटणारं, निमुळत्या अंगाचं असेल तर ते बेटिडी कुळातलं. हे वाहत्या पाण्यातही असतं आणि ह्याची काही भावंडं तलावातल्या पाणवनस्पतींत राहतात. चार-पाच मिलिमीटरचं, गाळानं माखलेलं, आणि पोटावर दोन चौकोनी झाकणं असलेलं दिसलं तर केनिडी. ती झाकणं म्हणजे कल्ल्यांचीच एक जोडी, मागच्या नाजूक कल्ल्यांत गाळ जाऊ नये म्हणून पाकिटाच्या झाकणासारखी बसलेली. आणि डोक्यापुढं दोन सुळे, पाठीवर पिसासारखे कल्ले, अंग दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत, ते गाळात बीळ करून राहणारं इफेमेरिडी. एवढी चार ओळखली की काम भागतं. प्रवाहात शेपट्या पसरून रांगणारी आणखी काही कुळं आहेत, पण नक्कल निवडताना त्यांनी फारसा फरक पडत नाही.

सर्वांत उपयोगी खूण पिल्लाच्या पाठीवर असते. पंखांच्या कळ्या फिक्या असतील तर बाहेर यायला अजून अवकाश आहे. त्या काळ्या पडल्या असतील तर पिल्लाची वेळ भरली, आज-उद्यात ते वर येणार. ट्रेमध्ये वीस पिल्लं असतील तर काळ्या कळ्यांचं पिल्लू मोजा. माशी त्याच्या मापाची हवी.

जगभरात मेफ्लायच्या तीन हजारांहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. जात ओळखायला बहुधा प्रौढ नराचे पोटाच्या टोकाचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. मासा तेवढी चिकित्सा करत नाही, मग गरी बांधणाऱ्यानं कशाला करावी?

## मासा खालून पाहतो

विहिरीत डुबकी मारून वर पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल. पाण्याखालून वर पाहिलं तर आकाश एका गोल खिडकीतून दिसतं, खिडकीच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चमकतो आणि त्यात तळ दिसतो. खिडकीची रुंदी खोलीच्या सव्वादोन पट असते. मासा एक फूट खाली असेल तर त्याला डोक्यावर सव्वादोन फुटांची खिडकी. तो वर सरकला की खिडकी आकसते.

पाखरू वाहत येतं तेव्हा ते आधी आरशाच्या भागात असतं. तिथं माशाला पाखरू दिसत नाही, त्याच्या पायांनी पृष्ठभागाला पडलेले खळगे चमकताना दिसतात. म्हणून तरत्या माशीची पिसं पाण्यावर कशी टेकतात ह्याला रंगापेक्षा जास्त किंमत आहे. खिडकीत आल्यावरही मासा पाहतो ते पोट, आणि तेही उजेडाच्या विरुद्ध. पाठीवरचा सुंदर ठिपका माणसाला आवडतो, माशाच्या तो वाट्यालाच येत नाही. रंग जुळवायचा तर पाखरू उलटं करून पोटाशी जुळवा, आणि लोकर किंवा ताग ओला करून जुळवा. कोरड्यावर फिकट पिवळा वाटलेला धागा पाण्यात गेला की चांगला गडद होतो. दुकानात जुळलेला रंग नदीवर चुकतो तो ह्यामुळंच.

मासा कोणती अवस्था खातो आहे ते पाण्यावरच्या हालचालीवरून कळतं. वलय उठलं आणि मध्ये बुडबुडा राहिला तर त्यानं वरचं पाखरू घेतलं, तोंडात हवा गेली. वलय आहे, पाठ किंवा शेपटीचं टोक दिसलं, पण बुडबुडा नाही, तर तो पृष्ठभागाच्या किंचित खाली, अडकलेली पाखरं घेतोय. नुसती खोलवर रुपेरी चमक दिसली की तळाची पिल्लं. वर पाखरांचा थवा नाचतोय म्हणून तरती माशी टाकायची, ही नेहमीची चूक. थवा हवेत असतो, मासा खातोय ते खाली.

## गरीचा आकडा उलटा चालतो

गरीचा आकडा वाढला की गरी लहान होते. दहा नंबर मोठी, अठरा नंबर बारीक. त्यातही कंपन्यांची मापं सारखी नाहीत, म्हणून आकड्यावर न जाता फूटपट्टी लावा. पिल्लाचं अंग शेपट्या सोडून मोजा आणि गरीची सरळ काडी तेवढ्या लांबीची घ्या. अंदाजानं सांगायचं तर बारा नंबरची काडी दहा मिलिमीटरच्या आसपास, चौदाची आठ, सोळाची सात, अठराची साडेपाच ते सहा. दोन मापांत अडकलात तर लहान घ्या. खरं पाखरू अर्धपारदर्शक असतं, आपली पिसा-दोऱ्याची नक्कल भरीव, त्यामुळं तेवढ्याच लांबीची नक्कल जास्त मोठी वाटते.

गरीचा उलटा काटा चिमट्यानं दाबून टाका. मासा सोडायचा असेल तर त्याला इजा कमी होते, आणि कपड्यात किंवा बोटात रुतली तर निघते. ढिल्या दोरीवर मासा सुटण्याचं प्रमाण वाढतं, म्हणून दोरी ताणलेली ठेवायला शिकावं लागतं.

## तांब्याची तार आणि चार तंतू

एकच माशी बांधायची तर फेझंट टेल ही बुडती माशी बांधावी. इंग्लंडात विल्टशरमधल्या एव्हन नदीवर राखणदार असलेल्या फ्रँक सॉयर यांनी ती रूढ केली. बेटिडी कुळातली पोहणारी पिल्लं पाय अंगाशी आवळून घेतात हे त्यांनी पाहिलं होतं, म्हणून माशीला पायच ठेवले नाहीत. दोऱ्याऐवजी तांब्याची तार वापरली, त्यातून वजनही आलं आणि चमकही. मूळ कृतीत फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू लागतात. गावरान कोंबड्याच्या तांबूस शेपटीचे तंतू घेतले तरी चालतं, फक्त ते थोडे आखूड पडतात.

तार वाइंडिंगवाल्याकडं मिळते. विहिरीच्या पंपाची तार जाड, तिच्यानं माशी ढोबळ होते. पंख्याची किंवा छोट्या ट्रान्सफॉर्मरची घ्या, ३८ ते ४२ गेज, म्हणजे साधारण दीड दशांश ते एक दशांश मिलिमीटर. एका माशीला वीतभर पुरते, हाताला जरा जास्त ठेवा.

चौदा नंबरची गरी लहान पकडीत घट्ट बसवा. गरीच्या डोळ्यापासून, म्हणजे दोरी ओवायच्या छिद्रापासून, दोन मिलिमीटर जागा सोडून तार गुंडाळायला सुरुवात करा आणि वेढ्याला वेढा लावत वाकापर्यंत न्या. परत येताना पुढच्या एकतृतीयांश भागात तीन-चार जादा थर देऊन छातीचा उंचवटा करा, मग तार पुन्हा वाकापाशी आणा. चार तंतू एकत्र ओले करा. कोरडे तंतू तुटतात. त्यांची टोकं वाकाच्या मागे तीन-चार मिलिमीटर बाहेर राहतील अशी दोन वेढ्यांत धरा, ह्या झाल्या शेपट्या. आता तंतू आणि तार एकत्र पीळ देऊन दोरीसारखे करा आणि पुढं गुंडाळत जा. उंचवट्यापुढं पोहोचल्यावर पीळ सोडा, तारेनं बांधा, तंतू उंचवट्यावरून मागे वळवा, बांधा, पुन्हा पुढे वळवा, बांधा. ही पंखांची कळी. शेवटी तारेचे दोन-तीन वेढे, दोन अडकवलेल्या गाठी, उरलेलं कापा. गाठीवर नेलपॉलिशचा एक थेंब.

बिघडतं बहुधा तीन जागी. डोळ्याजवळ जागा राहिली नाही तर दोरी ओवता येत नाही, म्हणून ते दोन मिलिमीटर सोडायचे. तारेला मुरड पडली की ती तिथंच तुटते, म्हणून बोटातून सरकवत ती सरळ ठेवायची. आणि हौसेनं आठ-दहा तंतू घेतले की माशी सुरवंटासारखी फुगते. ट्रेमधलं पिल्लू शेजारी ठेवून पाहा, ते किती सडपातळ असतं ते कळेल.

केनिडीसारखं गाळातलं, केसाळ दिसणारं पिल्लू असेल तर ससा-कानाच्या केसांची जी प्रसिद्ध माशी आहे तिचा धर्म घ्या, कृती नको. आपल्याकडचा रानससा मारायचा नाही. तागाच्या सुतळीचे तंतू पिंजून, एक सेंटिमीटरचे तुकडे करून, मेण लावलेल्या दोऱ्यावर वळले की तसंच केसाळ, मातकट अंग तयार होतं. मोराच्या पिसांचंही तेच. मोर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, पिसांच्या वाटेला न गेलेलं बरं.

## तरती माशी का बुडते

कोंबड्याच्या मानेचं पीस ताठ असतं, कोंबडीचं मऊ. मऊ पीस पाणी पितं. बुडत्या माशीला कोंबडी चालते, तरतीला जुना, दीड-दोन वर्षांचा गावरान कोंबडाच हवा. पिसाचे तंतू गरीच्या तोंडाच्या रुंदीच्या दीड पट लांब असावेत. त्याहून लांब घेतले तर माशी कलंडते, आखूड घेतले तर पाणी अंगाला लागतं. पिसाच्या बुडाचा मऊ, लव असलेला भाग सोलून टाका आणि चार-पाच वेढे गरीच्या काडीला काटकोनात द्या. शेपटी काडीएवढी लांब, ताठ तंतूंची. अंगाला सुती धागा नको, तोही पाणी पितो; शिलाईचा पॉलिस्टर धागा घ्या. वापरण्याआधी पेट्रोलियम जेली बोटावर अगदी नावापुरती चोळून माशीला लावा. जास्त लावली तर तंतू एकमेकांना चिकटतात.

मेलेल्या पक्क्या पाखराची नक्कल हवी असेल तर ह्याच माशीचे वरचे आणि खालचे तंतू कात्रीनं कापा, फक्त बाजूचे आडवे ठेवा. लगेच अधिकचं चिन्ह. ही सर्वांत सोपी दुरुस्ती आहे आणि सर्वांत कमी लोक ती करतात.

दुकानी नावांपैकी अ‍ॅडम्स ही राखी तरती माशी लेन हॅलाडे यांनी १९२२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात बांधली. ती कुठल्याच एका पाखरासारखी नाही आणि बऱ्याच कच्च्या पाखरांसारखी आहे. शंका असेल तर ती. बाकी ही कला नवी नाही. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या रोमन काळातल्या एका वर्णनात मॅसिडोनियातले कोळी लाल लोकर आणि कोंबड्याची दोन पिसं गरीला बांधत असल्याचा उल्लेख आहे. म्हणजे सामान तेव्हाही गावातलंच होतं.

पिसं रिठ्याच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा आणि डांबरगोळी टाकून बंद डब्यात ठेवा. कसर लागली तर पावसाळ्याअखेर डब्यात नुसता भुसा निघतो.

## पण आपल्याकडं ट्राऊट कुठं आहे?

आक्षेप रास्त आहे. ट्राऊट थंड पाण्याचा मासा, काश्मीर-हिमाचलात तो सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सुमारास ब्रिटनमधून आणला गेला. विदर्भाच्या पाण्यात तो जगणार नाही. रोहू, कतला, मृगळ हे मुख्यतः शेवाळ, सूक्ष्म जीव, तळाचा गाळ ह्यांवर जगतात. त्यांच्यासाठी नकली मेफ्लाय बांधणं म्हणजे शाकाहारी माणसापुढं रस्सा ठेवणं. मोठी मरळ बेडूक आणि मासे धरते, पाच मिलिमीटरच्या पाखराकडं ती पाहत नाही.

उरतात ते वाहत्या स्वच्छ पाण्यातले छोटे, चपळ, वरच्या थरात राहणारे मासे, लहान वयाची महाशीर, आणि तलावांत शिरलेला तिलापिया. हे सगळे किडे खातात. आकारानं लहान, पण वलय काढून वरचं पाखरू उचलण्यात कुणाला हार जाणार नाहीत. आपल्याकडं संध्याकाळी, अंधार पडता पडता पाखरं जास्त निघतात, आणि तेव्हा तरती माशी माणसालाच दिसत नाही. म्हणून दिवसा तरी भर बुडत्या माशीवरच द्यावा.

रीळवाली महाग काठीही लागत नाही. बारा फुटांचा हलका बांबू, टोकाला तेवढ्याच लांबीची दोरी आणि शेवटचे तीन फूट ०.१४ ते ०.१६ मिलिमीटरचा नायलॉन. प्रवाहाच्या वरच्या बाजूला माशी टाका, ती पाण्याच्याच वेगानं येऊ द्या. दोरीनं तिला ओढलं तर पाण्यावर बारीक रेघ उमटते आणि मासा वळून जातो, कारण खरं पाखरू रेघ काढत नाही. बुडती माशी समोरून पुढं गेली की काठी हळूच वर उचला. पिल्लू पृष्ठभागाकडं निघाल्यासारखं दिसतं आणि पुष्कळदा नेमका तेव्हाच झटका बसतो. तलावात प्रवाह नसतो, तिथं दोन-दोन इंच ओढून थांबायचं.

जुलै-ऑगस्टच्या गढूळ पाण्यात हे सगळं बंद. पाण्यात फूटभर खोलीवर धरलेला तळहात दिसत नसेल तर माशालाही माशी दिसणार नाही. दिवाळीपासून पाणी निवळतं, तो मोसम खरा. थंडीत पाखरं निघण्याची वेळ उन्हाबरोबर दुपारकडं सरकते.

## कणकेची गोळी काय वाईट?

काही वाईट नाही. पोटासाठी मासे धरायचे असतील तर जाळं आणि गोळीच बरी, ढीवर बांधव पिढ्यान्‌पिढ्या उगाच जाळं टाकत नाहीत. नकली माशीत माशाला बहुधा ओठातच गरी लागते, तो जिवंत सोडता येतो, आणि आमिषासाठी काही लागत नाही. एवढाच हिशेब.

परवानगीचं मात्र आधी पाहा. मेळघाट, पेंच, नवेगाव-नागझिरा, ताडोबा ह्या राखीव जंगलांत काठी घेऊन जायचंच नाही. गावतलावांची मासेमारी बहुधा सहकारी संस्थांकडं ठेक्यानं असते. संस्थेला विचारल्याशिवाय पाण्यात दोरी टाकली तर ती चोरीच.

## पाखरं दिसेनाशी झाली तर

उत्तर अमेरिकेतल्या ईरी सरोवराच्या पश्चिम भागात १९५० च्या दशकात मोठ्या बिळकरी मेफ्लाय जवळजवळ नाहीशा झाल्या. सांडपाण्यानं शेवाळ माजलं, ते तळाशी कुजलं आणि गाळातला प्राणवायू संपला. पाणी सुधारल्यावर १९९० च्या दशकात त्या परतल्या. २० जुलै २०१४ रोजी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या ला क्रॉसजवळ मिसिसिपी नदीतून एवढी पाखरं उठली की हवामान खात्याच्या रडारवर पावसाच्या ढगासारखी दिसली.

पण नुसती मेफ्लाय आहे म्हणजे पाणी चांगलं, असं समजू नका. केनिडी आणि तलावातली बेटिडी बऱ्यापैकी घाण सहन करतात. दगडाला चिकटणारी चपटी पिल्लं तेवढी सोशीक नाहीत. कपाशीच्या बियाण्याला लावलं जाणारं आणि फवारलं जाणारं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक पाण्यात सहज विरघळतं, आणि मेफ्लायची पिल्लं त्याला सर्वांत लवकर बळी पडणाऱ्या कीटकांपैकी आहेत. फवारणीचा पंप नाल्यात धुतला तर खालच्या टप्प्यात काय होतं ते वेगळं सांगायला नको.

ओला डांबरी रस्ता, गाडीचं चकचकीत बॉनेट आणि सौर पॅनेल ह्यांवरून परतणारा उजेड पाण्यावरून परतणाऱ्या उजेडासारखाच आडव्या दिशेत कंपणारा असतो. मादी त्यालाच नदी समजते आणि अंडी तिथं टाकून मरते. पुलाजवळच्या रस्त्यावर सकाळी पिवळट दाण्यांचे बारीक पुंजके दिसले तर ती पाखराची विष्ठा नाही, वाया गेलेली अंडी आहेत. पुलावरचे दिवे पाण्यावर न पडता खाली रस्त्यावरच पडतील असे झाकले तर थवा एवढा जमत नाही.

आपल्या नाल्याची नोंद ठेवायची तर पाणी ओसरल्यावर ऑक्टोबरात एक जागा ठरवा, दहा दगड उलथा, चपटी, पोहणारी, झाकणवाली पिल्लं वेगवेगळी मोजून वहीत तारखेसह लिहा. तीच जागा डिसेंबरात पुन्हा, आणि फवारणीच्या दिवसांनंतर पाणी निवळलं की पुन्हा. चपटी गेली आणि झाकणवाली तेवढी उरली, तर वरच्या अंगाला कुठून काय मिसळतंय ते शोधायला नाल्याकाठानं वर चालत जावं लागेल.